लष्करातील साखरफुले

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला ‘लष्कर’ नावाचे शहर आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी तेथे स्थिरावली. पुढे तंबू गेले, वाडे उठले. नाव मात्र राहिले. छावणीबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक उत्तरेत आले, हे दप्तरांतून समजते. त्यांच्या मागून आलेल्या बायकांनी कोणते सणवार बरोबर नेले, याची बखर कोण लिहिणार? ती परातीत शोधावी लागते.

संक्रांतीचा काटेरी हलवा हे त्या बखरीचे एक पान. विलायती केकवरची फुले साखरेची कणीक मळून, लाटून, कातरून घडवतात. आपला हलवा घडवायचा नसतो, वाढवायचा असतो. खसखस, तीळ, साबुदाणा परातीत घेऊन मंद निखाऱ्यावर ठेवायचा. दुधाने मळी काढलेला एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाणी आटते, साखर दाण्यावर बसते. जेथे टोक वर आले तेथे पुढचा थर अधिक धरतो आणि काटा फुटतो. घाई केली की साखर भुरभुरते, हवा दमट असली की काटा बसतो. म्हणून हे काम थंडीचे, पहाटेचे, काही दिवस पुरणारे. बोटे पोळतात ती वेगळीच.

मग दोऱ्यात गुंफून मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद. साबुदाण्याचा गोल दाणा मध्ये आणि मगजबियांचा लांबट हलवा भोवती बांधला की फूल होते. काळ्या चंद्रकळेवर नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला बसलेल्या बाळाला हेच दागिने.

ही कला एकट्या आपलीच, असे मात्र समजू नये. पोर्तुगिजांचा साखरदाणा जपानला पोहोचला. लुईस फ्रोइस या पाद्र्याने 1569 मध्ये ओदा नोबुनागाला तो काचेच्या पात्रातून भेट दिला. जपानी ‘कोंपेइतो’ आजही आपल्या हलव्यासारखाच काटेरी असतो.

पण शिंद्यांच्या नगरीत या गोडव्याला वेगळा अर्थ आहे. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले. वर्षभराने, 14 जानेवारी 1761 ला पानिपत झाले. जनकोजी गेले, महादजी पायाला जखम घेऊन परतले. दोन्ही वर्षी घाला आला तो ऐन संक्रांतीच्या दिवसांत. ज्या घराण्यावर असे दिवस ओढवले, त्याच्याच राजधानीत मराठी बायकांनी सुनांना साखरेने मढवले. शोक विसरून नव्हे. सण सोडायचा नाही, एवढ्याच निश्चयाने.

1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1956 मध्ये ते मध्य प्रदेशात गेले. त्याच 1956 ने आपल्या सीमाभागाचेही भाग्य ठरवले. राज्यांच्या रेषा एका कागदाने बदलतात. सणाची रीत मात्र कागदाने टिकत नाही आणि पुसलीही जात नाही. ती सासूने सुनेचा हात धरून परातीत फिरवला, तरच पुढे जाते. हलवा आता बाजारात तयार मिळतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण हात फिरवताना चालणारे मराठी बोलणे पुडीत बांधून मिळत नाही. ग्वाल्हेरात काय, बेळगावात काय, खरी काळजी त्याचीच आहे.