रिकामी खोली, तयार खोली

आपल्या गोव्यात वाड्यावाड्यावर एखादा तरी मुलगा हॉटेलात कामाला असतो. त्याच्या तोंडून कधीतरी हे शब्द कानावर पडतात : व्हेकंट डर्टी, व्हेकंट रेडी, स्टेओव्हर, स्लीपआऊट, स्किपर. खोली कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारी ही हॉटेलची परिभाषा. या शब्दांमागे काही इतिहास असेल असे मला हैदराबाद पाहीपर्यंत वाटले नव्हते.

हैदराबाद १५९१ साली वसले ते व्यापाराच्या वाटेवर. तिथे कारवान नावाचा भाग आजही आहे. तांड्यांची ती जुनी खूण. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथे आला, तेव्हा शहराबाहेरच्या वस्तीतल्या मशिदी परक्यांना सराई म्हणून उपयोगी पडत असल्याचे त्याने लिहून ठेवले. गोवळकोंड्याजवळची शेखपेठची कुतुबशाही सराई अजून उभी आहे. दुमजली इमारत, प्रवाशांच्या खोल्या आणि घोड्या-उंटांचे तबेले. पण खोली म्हणजे काय, तर भिंती आणि वर छप्पर. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी सगळे प्रवाशाचे. तो गेला की बिऱ्हाडही त्याच्यासोबत गेले. त्यामुळे खोलीच्या अवस्था दोनच : कोणी आहे, किंवा कोणी नाही.

हिशेब पाहिला जाई तो दारावर. मनुची हा व्हेनिसचा प्रवासी आपल्याला परका नाही. संभाजीराजांशी बोलणी करायला पोर्तुगीज व्हिसेरेईने ज्याला पाठवले, तोच हा. पुढे तो गोवळकोंड्यालाही होता. मोगल मुलखातल्या सरायांविषयी तो सांगतो, की रात्री दरवाजे बंद होत. पहाटे ते उघडण्याआधी पहारेकरी तीनदा ओरडून सांगे, आपापले सामान पाहून घ्या. कोणाचे काही हरवले असेल तर ते सापडेपर्यंत दार उघडत नसे. आजच्या चेकआऊटचा हा पणजोबाच म्हणायचा!

पुढे पलंग, चादर, टॉवेल हे यजमानाचे झाले आणि चित्र पालटले. पाहुणा गेला तरी त्याने वापरलेली चादर मागे राहते. म्हणजे खोली रिकामी असूनही तयार नसते. व्हेकंट डर्टी आणि व्हेकंट रेडी यांतले अंतर ते हेच, आणि ते कोणाच्या तरी हातांनी भरून निघते.

दुसरी गोष्ट अशी, की खोलीची माहिती दोघांत विभागली गेली. काउंटरवरच्या माणसाला नाव आणि पैसे ठाऊक. खोलीत प्रत्यक्ष काय आहे ते झाडणाऱ्याला ठाऊक. बाकीचे बरेच शब्द या दोघांच्या न जुळणाऱ्या माहितीतून जन्मले. खोली कोणाच्या तरी नावावर आहे, पण रात्री पलंग वापरलाच गेला नाही, तर तो स्लीपआऊट. पाहुणा पैसे चुकते करून गेला, पण काउंटरच्या दप्तरी तो अजून आतच आहे, तर तो स्लीपर. आणि पैसे न देताच पसार झाला तो स्किपर. सराईच्या बंद दरवाजातून हा गृहस्थ निसटणे कठीण होते. म्हणून हॉटेलात हाऊसकीपिंगचा माणूस खोल्या फिरून आपला तक्ता भरतो आणि तो काउंटरच्या नोंदीशी ताडून पाहतात. फरक आढळला तर कोणीतरी जाऊन खोली पुन्हा बघून येतो.

हैदराबादला मी सरकारी प्रशिक्षणासाठी गेलो होतो, तेव्हा नामपल्लीजवळच्या एका लॉजवर उतरलो. काउंटरवरून किल्ली मिळाली, दार उघडले, तर आत दोरीवर ओला टॉवेल आणि खाली कोणाच्या तरी चपला. रजिस्टरप्रमाणे खोली रिकामी! जिन्यात भेटलेला रूमबॉय शांतपणे म्हणाला, "मेरे कू पूछना था ना साब." त्याला सगळे ठाऊक होते, पण त्याला विचारायची तिथे रीतच नव्हती. मी कारकून माणूस. कागदावर निकाली निघालेली आणि टेबलावर तशीच पडून असलेली फाईल मी रोज पाहतो. त्याचे म्हणणे मला लगेच पटले.

याच शहरात फलकनुमा राजवाडा आहे. १८८४ साली विकार-उल-उमरा यांनी त्याची पायाभरणी केली. पुढे तो सहाव्या निजामाकडे गेला आणि शाही पाहुण्यांचे उतरण्याचे ठिकाण झाला. संस्थान गेल्यावर तो कित्येक वर्षे बंद पडून होता. हॉटेलच्या भाषेत ही अवस्था आऊट ऑफ ऑर्डर : खोली आहे, पण देता येत नाही. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१० साली तिथे ताजचे हॉटेल सुरू झाले. ज्या दालनांत निजामाचे पाहुणे उतरत, तिथल्या खोल्याही आता त्याच तक्त्यात बसल्या.

आपल्याकडे देवळांच्या अग्रशाळेत उतरलो, की निघताना आई खोली झाडून, केर भरूनच कुलूप लावायची. तिथे रिकामी आणि तयार हे शब्द एकाच अर्थाचे होते. आता मधले काम दुसरा माणूस करतो. निदान खोलीबद्दलचा त्याचा शब्द तरी काउंटरच्या नोंदीइतका प्रमाण मानला जावा.