बोरघाटाचा लोहमार्ग आणि बांधकामाच्या पद्धती

कोणतीही मोठी वास्तू उभारावयाची म्हटले की खर्च किती येईल, हा विचार प्रथम होतो. काम कोणत्या पद्धतीने द्यावे, हा विचार बहुधा मागे पडतो. वस्तुतः दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच पहिल्याचे उत्तर अवलंबून असते. खंडाळ्याच्या बोरघाटातील लोहमार्गाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तो मार्ग फॅव्हिएल व फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी बांधला होता. पुढील काही कामे जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने केली. कंपनीच्या अभियंत्यांनी आराखडा करावा व कंत्राटदाराने ठरल्या मोबदल्यात काम पुरे करावे, ही पद्धत तेथे चांगली चालली.

घाटाची गोष्ट निराळी होती. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांचा चढ, २५ बोगदे आणि ८ मोठे पूल! १८५६ च्या प्रारंभी फॅव्हिएल यांनी हे काम सुरू केले व ते पोटकंत्राटदारांत वाटून दिले. कंपनी मुख्य कंत्राटदाराकडे पाही, तो पोटकंत्राटदाराकडे पाही. मजुराकडे पाहणारा कोणी उरला नाही. मजुरी थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. चौकशी झाली. मार्चमध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. १८६० मध्ये मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयी सरकारला कायदा करावा लागला.

मधल्या काळात कंपनीच्या अभियंत्यांनी काम थेट आपल्या हाती चालविले. नोव्हेंबर १८५९ मध्ये नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आले. परंतु काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट न सोडता घाटाची माहिती असलेल्या अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांवर व्यवस्था सोपविली. १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२,००० वर पोहोचली. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला.

यास आणखी एक बाजू आहे. कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. खर्च वाढला तरी भागधारक निश्चिंत. भार मात्र येथील रयतेवर. म्हणूनच १८६९ पासून सरकारने स्वतः रेल्वे बांधण्याचे धोरण स्वीकारले.

तात्पर्य, कंत्राट असो वा स्वतःच्या देखरेखीखालील काम, कोणतीही एक पद्धत सर्वकाळ श्रेष्ठ नव्हे. काम सरळ व मोजता येण्याजोगे असेल तेथे कंत्राट सोयीचे. जेथे पुढे काय निघेल ते ठाऊक नाही, तेथे जाणकाराची रोजची देखरेख हवी. नुकसान कोण सोसणार आणि शेवटच्या मजुराचा दाम त्याच्या हाती कोण पोहोचविणार, या दोन प्रश्नांची उत्तरे करारावर सही होण्यापूर्वीच मिळावयास हवीत. विश्वस्तांच्या हाती समाजाचा पैसा असतो, तेथे तर ती अधिकच अगत्याची.