घाशीराम कोतवालाची कोठडी : पुणे, १७९१

पुणे शहरात कोतवालीची व्यवस्था थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६४ साली बसवली गेली. शहराचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, पेठांतले किरकोळ तंटे, वजनमापांवर देखरेख आणि बाहेरगावाहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ही कामे कोतवालाकडे होती. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास मनाई असे. त्यानंतर सापडलेल्याला चावडीवर नेऊन सकाळपर्यंत अडकवून ठेवत. ज्याचे घर पेठेत होते त्याची ओळख पटवणारे शेजारी मिळत. परमुलखातून आलेल्याला जामीन राहणारे कोणी नसे.

घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडचा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७७७ साली नाना फडणिसांच्या कारभारात त्याला पुण्याची कोतवाली मिळाली आणि चौदा वर्षे ती त्याच्याकडे राहिली. नानांचा त्याच्यावर विश्वास होता. भवानी पेठेच्या पूर्वेला त्याने वाडा, बाग आणि तळे केले व नवापुरा ही पेठ वसवली. त्याच्या जुलमाच्या तक्रारी होत्या, पण नानांचा वरदहस्त असल्याने त्यांची दाद लागत नसे.

दर श्रावणात पेशवे पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पायी येत आणि महिना सरला की परत फिरत. १७९१ च्या श्रावणअखेर तेलंगणातल्या ब्राह्मणांचा असा एक जथा परतीच्या वाटेवर घाशीरामाच्या बागेपाशी उतरला. भुकेपोटी काहींनी बागेतली कणसे तोडली. माळ्यांशी तंटा झाला आणि बातमी कोतवालाकडे गेली. त्याच्या शिपायांनी तीसहून अधिक जणांना पकडून एका अंधाऱ्या, कोंदट कोठडीत कोंडले. तेवढ्या माणसांना पुरेल इतकी हवा आत नव्हती. २९ ऑगस्टला प्रकार उघडकीस आला तेव्हा वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते.

कोठडीतला आक्रोश जवळच राहणारे सरदार मानाजी फाकडे यांच्या कानी गेला. त्यांनी कुलूप तोडवून जिवंत होते त्यांना बाहेर काढले आणि पेशवे सवाई माधवरावांना वर्दी दिली. इकडे घाशीरामाने पकडलेले लोक चोर होते असे नानांना सांगून प्रेते जाळण्याची परवानगी मागितली होती. पेशव्यांच्या चौकशीत ती बतावणी टिकली नाही. ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांच्या वाड्यापुढे जमला व कोतवालाच्या शिक्षेसाठी हटून बसला. नाना कचरत होते. न्यायाधीश अय्याशास्त्रींनी मात्र कडक शासनाचा आग्रह धरला.

ब्राह्मणाला देहदंड देण्याची रीत पेशवाईत सहसा नव्हती, आणि घाशीराम स्वतः ब्राह्मण होता. अखेर त्याला तेलंगी ब्राह्मणांच्या हवाली करण्यात आले. शहरातून धिंड काढल्यावर ३१ ऑगस्टला जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मृत माणसे ब्राह्मण होती, पेशव्यांच्या दक्षिणेसाठी आली होती, म्हणून ही ब्रह्महत्या ठरली आणि दरबाराला हलावे लागले. पण कोतवालाने कोणाला किती वेळ आणि कोठे कोंडावे, या प्रश्नाला त्या तीन दिवसांत कोणी हात घातला नाही.

त्याच शतकात लंडनमध्येही असाच प्रकार घडला होता. जुलै १७४२ मध्ये तेथील शिपायांनी रात्री रस्त्यावर सापडलेल्या पंचविसेक लोकांना, त्यांत बहुतेक बायका, सेंट मार्टिनच्या चौकीत कोंडले. उन्हाळा असूनही दारे-खिडक्या बंद ठेवल्याने काही जणी गुदमरून मेल्या. चौकीदार विल्यम बर्डवर खुनाचा खटला चालला. त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून त्याला वसाहतीत हद्दपार करण्याचे ठरले. लंडनमध्ये पंचांपुढे साक्षीपुरावे झाले. पुण्यात निवाडा जमावाच्या हाती गेला.

घाशीरामानंतरही कोतवालीचे पद पेशवाई बुडेपर्यंत चालू राहिले. १८६३ साली मोरोबा कान्होबा यांनी ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक लिहिले. विजय तेंडुलकरांचे त्याच नावाचे नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. कोतवालीच्या मोबदल्यात घाशीराम आपली मुलगी नानांना देतो, हा त्यातला भाग नाटककाराच्या कल्पनेचा आहे. कोठडीतले मृत्यू आणि कोतवालाचा शेवट मात्र इतिहासातले आहेत.