सेस : वाशीच्या बाजारातला एक जुना फ्रेंच शब्द

‘सेस’ हा नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात रोज कानावर पडणारा शब्द आहे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात माल विकला गेला की विक्रीच्या रकमेवर खरेदीदाराकडून बाजार फी घेतली जाते. कायद्यात ती फीच आहे, पण गाळ्यावर, जावक गेटवर आणि हिशेबाच्या वहीत तिला सेस म्हणतात. याच शहरात १९९६ नंतर सुमारे सतरा वर्षे महापालिकेचाही एक सेस होता आणि त्याचा बाजाराच्या सेसशी काही संबंध नव्हता. सरकारी मराठीत या शब्दासाठी ‘उपकर’ हा प्रतिशब्द रूढ आहे. एखादे काम नेमके सांगून त्याच कामासाठी वसूल केलेली रक्कम, हा सेसचा आजचा अर्थ. शब्दाची पाळेमुळे मात्र कराशी नव्हे, बसण्याशी जोडलेली आहेत.

लॅटिनमध्ये ‘असिदेरे’ म्हणजे जवळ बसणे. न्यायाधीशाशेजारी बसून त्याला मदत करणारा तो ‘असेसर’. पुढे असे सहायक कराची आकारणीही करू लागले आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याच धातूपासून कर ठरवणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले. जुन्या फ्रेंचने ते उचलले. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयात फ्रेंचचा वावर होता. त्या वाटेने पंधराव्या शतकापर्यंत ते इंग्रजीत ‘असेस’ म्हणून स्थिरावले. बोलण्यात पुढचा स्वर गळाला आणि ‘सेस’ उरला. मराठीत सर्रास वापरला जाणारा ‘साइज’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. जुन्या फ्रेंचमधल्या ‘असिझ’, म्हणजे बैठक किंवा बैठकीत ठरवलेले प्रमाण, या शब्दाचा आरंभीचा स्वर असाच गळून तो बनला. लॅटिन धातूचे नाते संस्कृतच्या ‘सद्’ या धातूशी आहे. सभासद, परिषद आणि उपनिषद या शब्दांत तोच धातू आहे, आणि उपनिषद या शब्दाचा मूळ अर्थही जवळ बसणे असाच आहे.

सोळाव्या शतकात इंग्रजीत सेस म्हणजे ठरवून दिलेली रक्कम किंवा मर्यादा. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकाच्या पहिल्या भागात, रॉचेस्टरच्या सराईच्या अंगणात, लंडनला माल नेणारे दोन हमालवजा वाहक आले आहेत. त्यांच्यापैकी एक आपल्या घोड्याच्या पाठीवरच्या जखमांविषयी बोलताना ‘प्रमाणाबाहेर’ या अर्थाने हा शब्द वापरतो. त्यांच्याजवळच्या मालात आल्याची मुळे आहेत, टर्की पक्षीही आहेत. पहाटे शेतमाल घेऊन मोठ्या शहराकडे निघालेल्या माणसांच्या तोंडी हा शब्द तेव्हाही होता.

आयर्लंडमध्ये त्याला कडवट अर्थ आला. तिथल्या इंग्रज सत्तेचे सैन्य आणि राजप्रतिनिधीचे घर यांना लागणारे धान्य, जनावरे आणि चारा सरकारने ठरवलेल्या भावाने पुरवण्याची सक्ती, हाच तिथला सेस. सरकारी भाव बाजारभावापेक्षा कमी असे आणि तोटा पुरवणाऱ्याच्या अंगावर पडे. १५७७ मध्ये डब्लिनच्या आसपासच्या जमीनदारांनी याविरुद्ध लंडनपर्यंत दाद मागितली. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या वकिलांना तुरुंगात टाकण्यात आले. स्कॉटलंडमध्ये सेस म्हणजे जमिनीवरचा कर. १६७८ चा सेस राजमान्य चर्चबाहेर भरणाऱ्या प्रार्थनासभा मोडण्यासाठी लावला गेला, तेव्हा आपल्याच धर्माविरुद्ध आपला पैसा का द्यावा असे म्हणत अनेकांनी तो भरण्यास नकार दिला. रक्कम किती, यापेक्षा ती कशासाठी, हा वाद या शब्दाला इथपासून चिकटला. इंग्लंडमध्ये पुढे त्याची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली. तो टिकला तो आयर्लंड, स्कॉटलंड आणि हिंदुस्थानात.

महाराष्ट्रात अशा वसुलीला आपला शब्द होता : पट्टी. पेशवाईत शेतसाऱ्याखेरीज कामापुरत्या निरनिराळ्या पट्ट्या बसत. सरकारी कर्ज फेडण्यासाठी इनामदार आणि सरंजामदारांवर कर्जपट्टी लावली जाई. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे शब्द आजही तीच घडण दाखवतात. इंग्रजी अमलात याच पट्टीला सेस हे नवे नाव मिळाले. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली आणि १८६९ च्या कायद्याने त्या वसुलीला पक्का आधार दिला. हाच ‘लोकल फंड’. त्यातला दोन तृतीयांश पैसा रस्त्यांसारख्या कामांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी ठेवला होता. खाडीपलीकडची वाशी तेव्हा ठाणे जिल्ह्यातली भातशेती आणि मासेमारीवर जगणारी वस्ती होती. लोकल फंडाची व्यवस्था त्या जिल्ह्यालाही लागू होती.

या सेसची पहिली मोठी झाडाझडती जोतीराव फुले यांनी घेतली. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले की शिक्षणासाठी म्हणून खास सेस गोळा होतो, पण तो त्या कामी खर्च होत नाही, आणि इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा आक्षेप होता. कर जड आहे एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. काम सांगून घेतलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे, ही कसोटी त्यांनी लावली, आणि सेस या कल्पनेचे मर्म तेच आहे.

लोकल फंडाचा वारसा जिल्हा परिषदांकडे आला. १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांना जमीन महसुलावर उपकर मिळतो, आणि ‘सेस फंडातून केलेले काम’ हे शब्द ग्रामीण महाराष्ट्रात सदस्यापासून शिपायापर्यंत सर्वांच्या ओळखीचे आहेत. शहरांसाठी १९६२ चा शिक्षण उपकराचा कायदा आला. पुढे त्याला रोजगार हमीचा उपकर जोडला गेला. शहरातल्या मालमत्ता करासोबत वसूल होणाऱ्या या रकमेतून खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लागावा, ही त्यामागची कल्पना.

बाजारातल्या सेसचे मूळ वऱ्हाडात आहे. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापसासाठी आणि १९३९ मध्ये एकूण शेतमालासाठी कायदे आले. ते मागे सारून १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा झाला. खुली बोली, खरे वजन आणि वेळेवर पैसे, यासाठी बाजाराला आवार, वजनकाटे, लिलावाच्या जागा, रस्ते, पाणी आणि देखरेख लागते. त्याचा खर्च बाजारानेच उचलावा म्हणून खरेदीदाराकडून फी घेण्याचा अधिकार बाजार समित्यांना मिळाला. शंभर रुपयांमागे रुपयाच्या आसपासची ही रक्कम म्हणजे बाजाराचा सेस.

मुंबईची बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. तेव्हा घाऊक व्यापार दक्षिण आणि मध्य मुंबईच्या गर्दीत होता : धान्य आणि मसाला मशीद बंदराच्या परिसरात, भाजी भायखळ्याला, फळे क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजेच महात्मा फुले मंडईत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली होती आणि खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला होता. बेटावरची गर्दी हलवायची तर आधी घाऊक बाजार हलला पाहिजे, हे नव्या शहराच्या आखणीतले महत्त्वाचे सूत्र होते. कांदा-बटाटा आधी आला, मागून धान्य आणि मसाला, आणि १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळे. वाशी आणि तुर्भे यांच्यामध्ये पाच बाजारांची मोठी वसाहत उभी राहिली.

या बाजारात माल विकला गेल्यावर शेतकऱ्याला जो हिशेबाचा कागद मिळतो त्याचे नाव ‘पट्टी’. भाव, वजन, गाडीभाडे, हमाली आणि तोलाई त्यावर मांडलेली असते. सेस त्या कागदावर कापायचा नसतो, कारण तो खरेदीदाराने द्यायचा असतो. कराला पट्टी म्हणणारा जुना मराठी शब्द इथे शेतकऱ्याच्या पैशाचा पुरावा झाला आणि कराची जागा फ्रेंच शब्दाने घेतली. याच आवारातला ‘लेव्ही’ हा शब्दही फ्रेंच कुळातला. उचलणे, उभारणे हा त्याचा मूळ अर्थ. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यानुसार व्यापारी मजुरीसोबत जी लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि औषधोपचार यांची तरतूद होते. सेस बाजाराच्या सोयींसाठी आणि लेव्ही ओझे वाहणाऱ्यांसाठी, असा हा भेद बाजारातला प्रत्येक जण जाणतो.

कर आणि फी यांतली सीमा न्यायालयांनीही आखली. केवल कृष्ण पुरी यांच्या खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब आणि हरियाणातल्या बाजार फीचा विचार करताना सांगितले की फीचा मोठा हिस्सा फी देणाऱ्यांना बाजारात मिळणाऱ्या सेवांवरच खर्च झाला पाहिजे. ही फुल्यांचीच कसोटी, कायद्याच्या भाषेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, आणि अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम आला. त्या जुलैत वाशीतले व्यवहार व्यापाऱ्यांच्या संपामुळे थंडावले. बाहेरच्या व्यवहाराला सेस नाही आणि आतल्याला आहे, अशी स्पर्धा तेव्हापासून सुरू झाली. २०२० च्या केंद्रीय कृषी कायद्याने आवाराबाहेरच्या व्यापारावर राज्यांना कोणत्याही नावाने फी वा सेस घेण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्याला स्थगिती दिली आणि वर्षअखेर तो रद्द झाला.

महापालिकेचा सेस वेगळ्या गरजेतून आला. महाराष्ट्रातल्या शहरांचे मोठे उत्पन्न जकातीतून येई. जकात हा अरबी शब्द. इंग्रजीत तिला ‘ऑक्ट्रॉय’ म्हणत, आणि तोही फ्रेंचच. मूळ अर्थ परवानगी किंवा देणगी : शहराला कर बसवण्याची राजाने दिलेली मुभा. पॅरिसभोवती या वसुलीसाठी भिंत आणि नाकी बांधली होती. बास्तीय पडण्याच्या दोनच दिवस आधी, १२ जुलै १७८९ पासून, लोकांनी ती नाकी जाळायला सुरुवात केली. महाराष्ट्रात नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, आणि माल उतरवून तपासण्यात वेळ आणि डिझेल दोन्ही जाई. नवी मुंबई महापालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ ला सुरू झाला. तिने जकात नाकी उभारण्याऐवजी १९९६ मध्ये शहरात येणाऱ्या मालावर उपकर लावला. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, खरेदीच्या वह्यांवरून आपला कर आपणच ठरवायचा आणि विवरणपत्रासह भरायचा. आकारणी हा ‘असेस’चा मूळ अर्थ इथे पुन्हा खरा झाला, फक्त कर ठरवायला जवळ बसणारा अधिकारी गेला आणि त्या जागी व्यापाऱ्याची वही आली. पुढे याच धर्तीचा स्थानिक संस्था कर राज्यभर आला आणि १ एप्रिल २०१३ पासून नवी मुंबईत त्याने सेसची जागा घेतली. १ ऑगस्ट २०१५ ला तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती.

मुंबई शहरात सेसला आणखी एक अर्थ आहे. १९६९ च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले गेले आणि त्यासाठी उपकर बसला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. पुनर्विकासात राहत्या माणसाला घर मिळण्याचा हक्क ठरवताना आजही ‘सेस बिल्डिंग’ आहे का, हा पहिला प्रश्न असतो.

केंद्र सरकारच्या सेसमुळे हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. २००४ मध्ये २ टक्के शिक्षण उपकर आला. २०१८ पासून आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. २००० च्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीपासून अशा उपकराचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, त्यामुळे केंद्राला तो सोयीचा ठरतो. २०१८-१९ मध्ये ३५ उपकरांतून सुमारे २.७५ लाख कोटी रुपये जमले, पण राखीव निधींमध्ये सुमारे १.६४ लाख कोटीच वर्ग झाले, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदवले. फुल्यांचे १८८२ चे गाऱ्हाणे इथे आकड्यांसह पुन्हा समोर येते.

आज वाशीत महापालिकेचा सेस उरलेला नाही. मालमत्ता करासोबत शिक्षण आणि रोजगार हमीची आकारणी होते, आणि पाच बाजारांत मालाच्या व्यवहारावर बाजार समितीचा सेस घेतला जातो. आवारातला रस्ता, लिलावाची जागा, दिवे, पाणी आणि वजनकाटा ही त्या सेसची परतफेड. ती जितकी पुरी, तितका सेस आपल्या नावाला जागतो.