खेड्याच्या आरोग्याचा हजेरीपट

गिरणीत नवे खाते उघडावयाचे ठरले म्हणजे मालक यंत्रांची यादी पुढे करतो आणि आम्ही हजेरीपट मागतो. माणसे किती लावणार, त्यांना पगार काय देणार, आणि एखादा खाड्यावर गेला तर त्याच्या जागी बदली कोण, हे तीन प्रश्न संघटनेत काम करणाऱ्या आम्हां लोकांच्या अंगवळणी पडलेले आहेत. खेड्यापाड्यांतील आरोग्यव्यवस्थेच्या आखणीचा इतिहास वास्तविक वैद्यकातील जाणत्यांनी सांगावा. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तथापि हे तीन प्रश्न त्या इतिहासाला लावून पाहिले तर काय दिसते, एवढेच आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

दुसरे महायुद्ध चालू असता, १९४३ च्या ऑक्टोबरात, हिंदुस्थान सरकारने आरोग्याच्या पाहणीसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे गृहस्थ जन्माने नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. सभासदांत डॉक्टर मंडळींचा भरणा होता. पण त्यांच्या पंक्तीला एक कामगार पुढारीही होते. ते म्हणजे १९२० साली आयटक स्थापन करणाऱ्यांपैकी एक, नारायण मल्हार जोशी. आरोग्याचा प्रश्न हा श्रमणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

१९४६ साली समितीने चार खंडांचा अहवाल दिला. त्यातील आकडे आजही अंगावर येतात. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १६२ मुले वर्षाच्या आत दगावत होती. माणसाचे सरासरी आयुष्य २७ वर्षांचेही नव्हते. इंग्लंडात हजार लोकांमागे इस्पितळाच्या सात खाटा, तर येथे चार हजारांमागे जेमतेम एक. सहा हजारांवर माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३ हजारांमागे एक परिचारिका. त्यातही बहुतेक डॉक्टर शहरांत.

समितीने आखणी केली ती खालून वर. दर दहा ते वीस हजार वस्तीला ७५ खाटांचे इस्पितळ, सहा डॉक्टर आणि सहा आरोग्य-परिचारिका. त्याच्या वर ६५० खाटांचे, आणि जिल्ह्याला २,५०० खाटांचे इस्पितळ. हे तीस-चाळीस वर्षांनी गाठावयाचे. तोपर्यंत दर चाळीस हजारांना एक प्राथमिक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य-परिचारिका, चार सुइणी व चार शिकविलेल्या दाया. गावोगाव पाच ते सात जणांची आरोग्य समितीही असावयाची होती. खिशात पैसा नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे या साऱ्याचे सूत्र. म्हणजे हजेरीपट येथे नीट मांडलेला होता.

मतभेद झाला तो माणसे कोठून आणावयाची यावर. त्या वेळी देशात पदवीधर डॉक्टर १७,६५४ होते आणि थोड्या वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले परवानाधारक डॉक्टर २९,८७०. बहुमताने ठरले की यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा, पदवीधरच घडवावयाचा. काही सभासदांना ते मान्य नव्हते. डॉक्टरांचा एवढा तुटवडा असता ही दुसरी वाट बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे. खेडुताला कमी प्रतीचा डॉक्टर का द्यावा, हा बहुमताचा मुद्दा न्यायाचा होता. परंतु वाट बंद झाली आणि पदवीधर काही खेड्यात गेला नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली. गटाला एक केंद्र, आणि गटाची वस्ती साठ-सत्तर हजार! भोर समितीचा तात्पुरता आकडाही मागे पडला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने ५० हजारांना एक केंद्र सुचविले. पुढे प्रमाण ३० हजारांवर आणि डोंगराळ व आदिवासी भागांत २० हजारांवर आले. केंद्रांची संख्या वाढली, पण केंद्रातील खाटा ७५ नव्हेत, सहाच्या आसपास राहिल्या.

याच काळात संघटित कामगाराचे काय झाले? १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीत योजना चालू झाली. पगारातून वर्गणी कापली जाई, म्हणून औषधपाणी हा कामगाराचा हक्क ठरला. पण त्या हक्काचा लाभ प्रारंभी एकट्या कामगारालाच मिळे. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याची बायको आणि म्हातारे आईबाप रत्नागिरी-साताऱ्याकडे. त्यांच्यासाठी वर्गणी भरणारा कोणी नव्हता.

१९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने निराळी वाट धरली. गावाने निवडलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, आहार, साधे उपचार शिकविले. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित. डॉक्टरची बदली होते, पण गावची सून गावातच राहते, हे साधे गणित तेथे खरे ठरले. २००५ साली केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्याचे ठरविले, त्याची एक मुळी या अनुभवात आहे.

मात्र आमचा दुसरा प्रश्न येथेच अडतो. आशेला सरकारने कामगार म्हटले नाही, स्वयंसेविका म्हटले. पगार नाही, कामागणिक मोबदला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानून किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. आणि २०२३ साली महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला.

जगाने ज्या कामाचा सत्कार केला त्याला वेतन का नाही, हे आम्ही विचारीत आहोत आणि आपणही विचारावे. त्या बाईने काम थांबविले तर गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत कोण नेणार, तान्ह्या मुलाचे वजन कोण करणार? तिच्या जागी बदली उपलब्ध नाही. म्हणून पुढचा आराखडा आपल्यापुढे येईल तेव्हा त्यातील इमारती मागाहून मोजाव्या; आधी शेवटच्या गावचे नाव काढून त्यापुढे कोणाचे नाव लिहिले आहे आणि पगाराच्या रकान्यात काय आहे, ते पाहावे.