प्रवचन आणि प्रतिबंध

रोग हे पापाचे फळ की केवळ रोग, हा वाद जुना आहे. पण युगांडात तो जीवनमरणाचा झाला. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या राकाई जिल्ह्यात १९८२ च्या सुमारास माणसे झिजून मरू लागली. लोक ह्या दुखण्याला ‘स्लिम’ म्हणत. कोणाला त्यात चेटूक दिसले, कोणाला ईश्वरी कोप.

१९८६ साली मुसेवेनी सत्तेवर आले. त्याच वर्षी त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी जिनीव्हाच्या जागतिक परिषदेत आपल्या देशात एड्स असल्याचे उघडपणे सांगितले. इतर कित्येक राष्ट्रे तेव्हा तो झाकीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कबुलीचे मोल कळते. प्रचाराचे घोषवाक्यही गुराख्यांच्या बोलीतले होते: ‘झीरो ग्रेझिंग’. जनावर दावणीलाच चारावे, रानोमाळ सोडू नये! ह्यात नीती होती, नरकाचे भय नव्हते.

आणि धर्मसंस्था? कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी निरोधाला विरोध केला. पण मसाकाजवळच्या कितोवू येथील कॅथलिक सेवक १९८७ पासून रुग्णांच्या घरोघर जाऊ लागले. १९९२ साली गिडिऑन ब्यामुगिशा ह्या अँग्लिकन धर्मोपदेशकाने स्वतःला लागण झाल्याचे जाहीर केले. मग ‘हा पाप्यांचा रोग’ असे म्हणणे अवघड झाले. मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेने इमामांना शिक्षण दिले, तेव्हा आरंभी निरोधाचा विषय वगळला होता. बऱ्याच चर्चेनंतर, जबाबदारीने वापरण्याच्या अटीवर, तो पाठात आला.

१९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत प्रौढांतील लागण सुमारे १५ टक्के मानली जाई. २००४-०५ च्या पाहणीत ती ६.४ टक्के निघाली. ह्याचे श्रेय प्रत्येक पक्षाने घेतले. मृत्यूंचाही त्यात वाटा होता, हे मात्र थोड्यांनीच सांगितले.

२००३ साली अमेरिकेने मदतीच्या कायद्यात प्रतिबंधाच्या निधीचा तिसरा हिस्सा विवाहापर्यंतच्या ब्रह्मचर्याच्या उपदेशासाठी राखला. २००८ मध्ये ही अट सैल झाली. २०११ च्या पाहणीत प्रमाण ७.३ टक्के दिसले. औषधांनी रुग्ण अधिक जगू लागले, म्हणून ह्या वाढीचा सारा दोष उपदेशावर टाकणे न्याय्य नव्हे. परंतु जी पत्नी एकनिष्ठच आहे आणि जिला लागण नवऱ्याकडून होते, तिला एकनिष्ठेचे प्रवचन काय वाचविणार? मंदिर असो, मशीद असो वा सरकारी दवाखाना, प्रत्येकाची परीक्षा ह्या एकाच प्रश्नापाशी होते.