घोड नदीकाठचे इनामगाव

महाराष्ट्राच्या इतिहासाचा विषय निघाला की आपले मन सातवाहनांपासून निघून शिवछत्रपतींच्या चरणी विसावते. आम्हां बंगळूरकर मराठी मंडळींना तर शहाजीराजांच्या येथील जहागिरीचाही सार्थ अभिमान आहे. तथापि राजे आणि किल्ले यांच्या कितीतरी आधी या भूमीत शेतकरी नांदत होता. त्याला लिपी नव्हती, म्हणून त्याचे नावही उरले नाही. त्याची ओळख पटविणारे एक गाव पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी आहे. ते इनामगाव होय.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, ही वसाहत टिकून होती. तिचे वैभव दिसते ते पूर्व जोर्वे काळात, इ. स. पूर्व १४०० ते १००० च्या दरम्यान. प्रवरातीरीच्या जोर्वे गावावरून या संस्कृतीला हे नाव मिळाले.

त्या काळची घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची व मातीने लिंपलेली. जव हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ. ज्या हुरळीचे सार आपण कर्नाटकात आवडीने भुरकतो, तोच हा कुळीथ! गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. कुंभार, सोनार आदी कारागिरांची वस्ती मात्र गावाच्या कडेला होती. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी गावकऱ्यांनी पाट खणून बांध घातला होता. असे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. त्यामागे गावाची एकजूट आणि कोणाचा तरी मानला जाणारा शब्द असला पाहिजे.

मृतांना ते घराच्या जमिनीखालीच पुरत. बालकांसाठी दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवीत. प्रौढांची पावले बहुधा घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असे संशोधकांना वाटते. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसविलेला एक पुरुष मिळाला आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा.

हे गाव जगापासून तुटलेले नव्हते. शंख सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून येत, तर सोने व हस्तिदंत कर्नाटकातील तेक्कलकोट परिसरातून येत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मराठी मुलूख आणि कानडी मुलूख यांचा हा शेजार तीन हजार वर्षांहून जुना आहे, हे वाचून आमच्या मनाला विशेष समाधान वाटले.

इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटले. पाऊस कमी होत गेला, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. गव्हाचे पीक मागे पडले; शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. तरीही ही माणसे आणखी तीनशे वर्षे त्याच काठाला धरून राहिली. मृताची पावलेही उंबरठ्याआड राखू पाहणाऱ्या लोकांना गाव सोडताना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी लागते. अखेर इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली.

आपल्यापैकी बहुतेकांच्या कुळाची मुळे अशाच कुठल्यातरी नदीकाठी आहेत. कोणी नोकरीसाठी, तर कोणी दुष्काळाला कंटाळून या नगरीत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून अर्कावतीचे पाणी बंगळूरने आणले; ते पुरेना, तेव्हा १९७४ साली कावेरी दूरवरून आणावी लागली. नगरे कितीही वाढली तरी ती पाण्याच्याच आधाराने उभी असतात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी पूर्वजांचे स्मरण करताना, एकजुटीने पाट खणणाऱ्या त्या अनाम शेतकऱ्यांनाही आपण वंदन करू या.